आईबरोबर नाताळच्या बाजारांत



नाताळचा बाजार कसा असतो हें सांगण्यास आमच्या बाजूच्या श्रोत्यांपाशीं फारसे श्रम पडूं नयेत. पौष पौर्णिमेच्या सुमारास कल्याणहून मुरबाडच्या रस्त्यानें जो म्हसा येथील जत्रेस गेला आहे, त्यानें थंडी, दाटी, घोंगड्यांचे ढीग, मिठाईचीं दुकानें आणि आईबापांचा हात सुटूं नये म्हणून धडपडणारीं पोरें हें सारें एका जागीं पाहिलेलें असतें. त्यांतून गुरांचा बाजार वगळावा, पायांखालच्या धुळीच्या जागीं दगडांची फरसबंदी घालावी, पालांच्या जागीं लाकडी खोपटीं मांडावीं व थंडी चौपट करावी, म्हणजे जर्मनींतील नाताळच्या बाजाराचें स्थूल चित्र तयार झालें.

भेद आहे तो वेळेचा. आपली जत्रा देवाच्या दिवशीं भरते. हा बाजार सणाच्या आधीं भरतो आणि सण दारांत आला कीं उठतो. नाताळापूर्वींच्या चार रविवारांच्या काळास तिकडे ‘आड्व्हेंट’ म्हणतात. न्युरेंबर्गचा बाजार त्यांतील पहिल्या रविवाराच्या आधल्या शुक्रवारीं उघडतो व २४ डिसेंबरच्या दुपारीं बंद होतो. तेव्हां जत्रेपेक्षां, दिवाळीच्या आधीं कल्याणांत पणत्या, कंदील नि रांगोळी यांचा जो बाजार भरतो, त्याच्याशीं याचें नातें अधिक जवळचें. हें ध्यानांत न घेतां नाताळच्या दिवशींच तेथें जाऊन उतरणारे आपल्याकडील प्रवासी पुष्कळदां ओस पडलेले चौक व लावलेलीं दारें पाहून परततात.

या बाजारांचें वय मोठें आहे. व्हिएन्ना शहरास डिसेंबरांतील बाजार भरविण्याची सनद १२९६ सालीं मिळाली. ड्रेस्डेनच्या बाजाराचा उल्लेख १४३४ सालचा. त्या वेळीं तो एकच दिवस, नाताळच्या आदल्या दिवशीं भरे, आणि उपवास सुटतांना घरोघर जें मांस शिजावयाचें तें तेथें विकलें जाई. न्युरेंबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे १६२८ सालची एक लहानशी लाकडी पेटी. बाजाराच्या निमित्तानें एका बाईनें दुसरीस ती भेट पाठविली, असा मजकूर तिच्या तळाशीं लिहिलेला आहे. ज्या बाजाराचा जन्मदाखला एका भेटवस्तूच्या बुडाशीं सांपडतो, त्याच्याबद्दल थोडी आपुलकी वाटल्यावांचून राहत नाहीं.

मी हे बाजार २०२३ च्या डिसेंबरांत पाहिले, आणि माझ्याबरोबर माझी आई होती. तिचा जन्म १९४८ सालचा. माहेर कल्याणचें, आणि लग्न होऊन आली ती विठ्ठलवाडीस, म्हणजे आगगाडीच्या पुढल्याच स्थानकावर. तिनें केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रा. आमच्या प्रवासाच्या आदल्या वर्षीं तिच्या डोळ्यांच्या मागील पडद्यास विकार जडला. अशा माणसाला सगळेंच दिसेनासें होत नाहीं. ज्या गोष्टीकडे रोखून पाहावें तिचाच मधला भाग पुसला जातो, आणि कडेकडेचें तेवढें दिसत राहतें. समोरच्या माणसाचा चेहरा लागत नाहीं, पण त्याच्या खांद्यामागचा दिवा लागतो. आहे ती नजर किती दिवस पुरेल हें सांगवत नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. घरीं येतांना रिक्षांत आई इतकेंच म्हणाली, “मग जेथें पुष्कळ दिवे असतील अशा जागीं मला एकदां ने.”

नातेवाईक मंडळींनीं या बेताची यथास्थित चेष्टा केली. जिला ताटांतली भाजी ओळखतां येत नाहीं तिला युरोप दाखविणें म्हणजे बहिऱ्यापुढें गाणें, असें एका काकांनीं बोलूनहि दाखविलें. माझें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे, आणि तेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. वृद्ध आईबापांस परमुलूख दाखवावयाचा असेल तर राजवाडे व संग्रहालयें यांच्यापेक्षां बाजार बरा. राजवाड्यांत मुलगा पुढें चालतो, भिंतीवरची पाटी वाचतो आणि आई मागून येते. बाजारांत ज्याला मालाची पारख आहे तो पुढें. तेथें वस्तु हातांत घेतां येते, हुंगतां येते, चाखतां येते, आणि नाक मुरडून परतहि ठेवतां येते. पन्नास वर्षें ज्या बाईनें भाजी, डाळ, कापड नि भांडीं पारखून घेतलीं, तिला या कामीं जर्मन भाषेची अडचण पडत नाहीं.

याची साक्ष पहिल्याच दिवशीं पटली. न्युरेंबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयांत मार्टिन बेहाइम याच्या देखरेखीखालीं १४९२ च्या सुमारास तयार झालेला पृथ्वीचा गोल आहे. आज शिल्लक असलेल्या अशा गोलांत तो सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाहीं, पण हिंदुस्थान आहे. आणि मसाल्याचे जिन्नस पूर्वेकडून युरोपांत पोंचेपर्यंत किती हातांतून जातात व किती ठिकाणीं जकात भरतात, याची हकीकतहि त्यावर लिहिलेली आहे. मोठी मोलाची वस्तु. पण ती मंद उजेडांत, कांचेच्या आड. आईला तेथें एक काळसर भोपळा दिसला, आणि तिनें तसें सांगितलें. त्या गोलाचें रूढ जर्मन नांव ‘पृथ्वीचें सफरचंद’ असें आहे, तेव्हां फळ तेवढें बदललें.

त्याच संध्याकाळीं मसाल्याची ती हकीकत आईनें नाकानें वाचली. डिसेंबरांत त्या बाजूस चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, आणि चौकांतील दिवे लागतात. लाल-पांढऱ्या कापडाच्या छपरांचीं खोपटीं ओळीनें मांडलेलीं. त्यांतील एका खोपट्यांत लेबकूखन नांवाच्या मसालेदार वड्या विकावयास होत्या. न्युरेंबर्गभोंवतीं बादशाही अरण्य होतें, त्या अरण्यांत मधमाश्या राखणारे लोक होते, आणि व्हेनिसच्या वाटेनें येणारा मसाला शहरांतील व्यापाऱ्यांच्या हातीं होता. मध आणि मसाला अशा रीतीनें एकत्र आले आणि ही वडी त्या शहराची झाली. विकणाऱ्या बाईनें पत्र्याचा डबा उघडून आईपुढें धरला. आई वांकली आणि डोळे मिटून बोटें मोजूं लागली: वेलची, लवंग, दालचिनी, जायफळ, सुंठ. मग थबकली, पुन्हा हुंगलें, आणि म्हणाली, “धने! अरे, यांनीं गोडांत धने घातलेत.” मीं डब्यावरील यादी वाचून पाहिली, धने होते. विकणाऱ्या बाईला मीं मोडक्यातोडक्या भाषेंत हें सांगितलें, तेव्हां तिनें हातांतलें काम टाकून आईचे दोन्ही हात धरले. वडींत अंडें असल्यामुळें आईनें ती खाल्ली नाहीं. त्यामुळें दोघींच्या सलोख्यांत कांहीं उणें आलें नाहीं.

या वासामागें मोठा इतिहास आहे. १५०५ सालीं फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा पोर्तुगीज ताफा हिंदुस्थानाकडे निघाला, त्यांतील तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता. औग्सबुर्गच्या फुगर व वेल्झर या पेढ्यांबरोबर न्युरेंबर्गच्या इम्होफ व हिर्शफोगेल या घराण्यांचाहि त्यांत भाग होता. त्या सफरीवर गेलेल्या बाल्थाझार श्प्रेंगर याचें प्रवासवर्णन १५०९ सालीं छापलेंहि गेलें. आमचें कल्याण तर दर्यावर्दी व्यापारांत त्याहून कितीतरी जुनें. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाच्या ग्रीक लेखकानें ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख केला असून तेथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती बिशप असतो असें लिहिलें आहे. हें बंदर म्हणजेच कल्याण असें पुष्कळ अभ्यासक मानतात. न्युरेंबर्गचें नांव कागदावर प्रथम येतें तें १०५० सालीं. म्हणजे त्याच्या पांचशें वर्षें आधीं आमच्या खाडीकाठीं ख्रिस्तजन्माचा सण पाळला जात असावा. हें मीं आईला सांगितलें. तिला त्यांत नवल वाटलें नाहीं. कल्याणांत सर्व कांहीं आधीं होऊन गेलें आहे असें तिचें माहेरच्या अभिमानानें ठाम मत आहे.

भाव करण्याचा तिनें प्रयत्न केला नाहीं असें नाहीं. पण तेथें किंमत लिहिलेली असते आणि ती हलत नाहीं. “बाजार म्हणावा तर भाव नाहीं, दुकान म्हणावें तर छप्पर नाहीं,” असा तिनें निकाल दिला. एक चाल मात्र तिला मनापासून आवडली. गरम पेय चिनीमातीच्या पेल्यांत मिळतें व पेल्याचे पैसे आगाऊ ठेवून घेतात. पेला परत केला कीं पैसे परत, आणि न केला तर पेला आपला. दरसालच्या पेल्यावर गांवाचें चित्र असतें. लोक पीत असतात तो बहुतेक मसाला घालून गरम केलेला द्राक्षासव. न पिणाऱ्यांनीं ‘मुलांचें पंच’ मागावें, त्यांत फळांचा रसच असतो. हा ‘पंच’ शब्द आपल्या पांच या आंकड्यापासून निघाला असें सामान्यतः मानतात. पांच जिनसांचें पेय म्हणून पंच. आईनें जिनसा मोजल्या. तिच्या मतें चारच होत्या.

त्या चौकाचा इतिहास मात्र गोड नाहीं, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाणें मला प्रशस्त वाटत नाहीं. आज जेथें खोपटीं उभीं राहतात तेथें पूर्वीं ज्यू लोकांची वस्ती होती. १३४९ सालीं ती उद्ध्वस्त करण्यांत आली, शेंकडों माणसें मारलीं गेलीं, आणि त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागीं चौथ्या चार्ल्स बादशहानें मेरीचें देऊळ उभारलें. बाजाराच्या छायाचित्रांत मागें दिसतें तें हेंच. १९३३ सालीं नाझी सत्ताधाऱ्यांनीं बाजार मोठ्या थाटानें या चौकांत आणून बसविला. २ जानेवारी १९४५ च्या रात्रीं बाँबवर्षावानें जुनें शहर जवळजवळ भुईसपाट झालें, आणि १९४८ सालीं, भोंवतीं पडकीं घरें असतांनाच, बाजार पुन्हा भरला.

१९४८ हें आईचें जन्मसाल. तिचे वडील तिला सांगत कीं, त्याच सुमारास कल्याण कँपांतील लष्करी बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें राहूं लागलीं होतीं, आणि उघड्यावर पोतें अंथरून, जें हातीं असेल तें त्यांनीं विकावयास मांडलें होतें. १९४९ सालीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. आमची विठ्ठलवाडी तिला लागूनच आहे. पडक्या घरांमधला बाजार म्हटल्याबरोबर आईला कँप आठवला. “मग बरोबर आहे,” ती म्हणाली, “आधीं दुकान मांडायचें, भिंती मागून.” युरोपच्या युद्धोत्तर इतिहासाविषयीं याहून अधिक कांहीं तिला सांगण्याची मला जरूर भासली नाहीं.

हल्लींच्या काळाच्याहि खुणा तेथें दिसतात. २०१६ सालीं बर्लिनमध्यें अशाच बाजाराच्या गर्दींत मालमोटार घालून माणसें मारण्यांत आलीं. आमच्या प्रवासानंतर वर्षानें, २०२४ च्या डिसेंबरांत, माग्डेबुर्ग येथेंहि तसाच प्रकार घडला. म्हणून बाजाराच्या तोंडाशीं सिमेंटचे मोठे ठोकळे ठेवलेले असतात व पोलिस उभे असतात. आई त्यांपैकीं एका ठोकळ्यावर टेकली. एका तरुण पोलिसानें तिच्याकडे पाहिलें, आणि मग तो दुसरीकडे पाहूं लागला.

टेकण्यावरून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. या बाजारांत सारें उभ्यानें चालतें. बसावयास जागा जवळजवळ नसते. फरसबंदी उंचसखल असून पावसानें निसरडी होते, तेव्हां काठी व रबरी तळाचे उंच बूट अवश्य न्यावेत. साडीखालीं लोंकरी पायमोजे व विजार घालण्यास संकोच करूं नये. आठ दिवसांत दोन शहरें पुरेत. सात देश सात दिवसांत दाखविणाऱ्या सहलींत म्हातारें माणूस मोटारींत बसून राहतें व स्वच्छतागृहांची चौकशी करतें. शनिवार-रविवार टाळावे. दुपारीं खोलींवर विश्रांति घ्यावी व चारला निघून दीड तासांत परतावें. दिवे लागतांना पाहावयाचे ते तेवढ्यांत पाहून होतात.

खाण्याची अडचण वाटते तेवढी पडत नाहीं. आमच्या मुक्कामांत कार्तिक वद्य एकादशी आली. भाजलेल्या चेस्टनटांची गाडी पाहून आईनें त्यांतील एक सोलला, चाखला, आणि हा शिंगाड्याचा चुलतभाऊ आहे असें ठरवून उपासाला चालवून घेतला. चवीनें तो मला आठळीसारखा लागला, पण आठळी उपासाला चालत नाहीं, म्हणून मी बोललों नाहीं. जोडीला भाजलेला बटाटा होताच.

उपासाचा विषय ड्रेस्डेनला पुन्हा निघाला. तेथील बाजाराचें नांव ‘श्ट्रीत्सेल’ या जुन्या पावावरून पडलें आहे. आज त्यास श्टोलन म्हणतात. पूर्वीं आड्व्हेंट हा उपवासाचा काळ असे व त्यांत लोणी वर्ज्य असे. तेलांत मळलेला पाव बेचव होई, म्हणून सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनीं रोमला अर्ज केला आणि १४९१ सालीं पोप आठवे इनोसंट यांनीं लोणी वापरण्याची मोकळीक दिली. आईला हें ऐकून हंसूं आलें. साबुदाणा उपासाला कोणाच्या परवानगीनें आला, असें तिनें मला विचारलें. मला सांगतां आलें नाहीं.

श्टोलनचा लांबट गोळा वर पिठीसाखरेनें पांढरा केलेला असतो. दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळ येशूचा तो आकार, असें तिकडे सांगतात. हें आईला सांगावें म्हणून मी तोंड उघडतों आहें तों तिनें कागदांत बांधलेला तो पाव दोन्ही हातांवर घेऊन तोललाहि होता. “बारशाचा वरवंटा,” ती म्हणाली. बाळाच्या आधीं कुंची घालून पाळण्याखालून फिरवितात, तो. आकार तसाच, वजनहि जवळजवळ तेंच. मनुका रममध्यें भिजविलेल्या असतात असें मीं सांगितल्यावर त्या एकेक करून बाजूस काढून तिनें एक तुकडा तोंडांत टाकला, आणि लोणी चांगलें आहे असें सांगितलें.

ड्रेस्डेनच्या दक्षिणेस एर्त्सगेबिर्ग, म्हणजे धातूंचे डोंगर आहेत. तेथें रुप्याच्या व कथलाच्या खाणी होत्या. पहांटे अंधारांत खाणींत उतरावें आणि संध्याकाळीं अंधारांतच वर यावें. हिवाळ्यांत कित्येक दिवस सूर्यदर्शन नाहीं. त्या मुलखांत नाताळांत खिडकीखिडकींतून दिव्यांच्या कमानी लावतात, त्याचें कारण लोक हेंच सांगतात. खाणी आटत चालल्या तसे खाणकामगार लाकडाकडे वळले, आणि आमच्या सावंतवाडीप्रमाणें तो मुलूख लांकडी खेळण्यांसाठीं नांवाजला. त्यांतील झाइफेन गांवची एक कला अशी आहे कीं, ती ऐकून माझा प्रथम विश्वास बसेना. ओल्या लाकडाचें जाड चाक यंत्रावर फिरत ठेवून कांतारी त्याचें वलय बनवितो. वलयाच्या अंगावर नुसत्या खांचा व फुगवटे दिसतात; जनावर कोठेंच दिसत नाहीं. मग तें वलय कलिंगडासारखें फोडी करून चिरलें कीं प्रत्येक फोडीच्या छेदांत एक घोडा, किंवा गाय, किंवा हत्ती. एका वलयांतून डझनांनीं निघतात. याचा अर्थ असा कीं, काम चालू असतांना कांतारी आपला घोडा पाहूंच शकत नाहीं. तो हाताच्या अंदाजानेंच जायचा.

बाजारांतील एका वृद्ध विक्रेत्यापाशीं असें अर्धें वलय नमुन्याला ठेवलेलें होतें. त्यानें तें आईच्या हातीं दिलें. तिनें बाहेरून बोटें फिरविलीं व मान हलविली, कांहीं नाहीं. मग तिचा अंगठा कापलेल्या कडेवर आला. पाठ, मान, कान, पुढचे पाय, असा तो सावकाश फिरला. इतर गिऱ्हाइकें खोळंबलीं होतीं. म्हाताऱ्यानें त्यांना हातानेंच थांबविलें.

“घोडा,” आई म्हणाली. मग मान किंचित् वळवून, कडेच्या नजरेनें तिनें दिव्याकडे धरून तो पाहिला, आणि मला विचारलें, “रंग कोणता दिला आहे?”

अर्धें वलय विकाऊ नव्हतें. त्याच जातीचा, फोडून कोरलेला व रंग दिलेला एक घोडा आम्हीं घेतला. बोटाएवढा, पांढरा, आणि किंमत भाव न करतां मोजलेली. परतीच्या प्रवासांत तो सबंध वेळ तिच्या मुठींत होता. तपासणीच्या जागीं मूठ उघडावी लागली तेवढीच.

आतां तिचा दुसरा डोळाहि बराच गेला आहे. घोडा आमच्या देवघरांत आहे. खंडोबाचा आहे, असें ती येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगते.